यकृतावर पहारा कोणी ठेवावा?

पोट फुगले, डोळ्यांत पिवळेपणा उतरला, पायांवर सूज चढली आणि जेवणाची वासना मेली, की मग आमच्याकडचा रुग्ण बांबोळीची वाट धरतो. तोवर कावीळ उतरविणाऱ्याकडच्या फेऱ्या होऊन गेलेल्या असतात, झाडपाल्याचा रस पोटात गेलेला असतो, देवापुढे गाऱ्हाणे घालून झालेले असते. घरचा कर्ता मुलगा मित्राची मोटार मागून आणतो आणि एका सकाळी बापाला गोमेकॉच्या दारात उतरवितो. तेथे सोनोग्राफी होते. पडद्यावर दिसणारी गाठ एव्हाना लिंबाएवढी राहिलेली नसते, नारळाशी स्पर्धा करू लागलेली असते. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात बोलू लागतात, आणि 'थोडे अगोदर आणले असते तर' हे वाक्य त्या बोलण्यात हटकून येते.

आज आम्हांला त्या 'अगोदर'विषयी लिहावयाचे आहे. अनेक कर्करोगांच्या बाबतीत हे वाक्य म्हणजे नुसती हळहळ असते, कारण रोग कोणाला गाठणार हे आधी कोणीच सांगू शकत नाही. यकृताच्या कर्करोगाचे तसे नाही. हा रोग बहुधा निरोगी यकृतात जन्म घेत नाही. वर्षानुवर्षे सुजत, भाजत, व्रण भरत भरत जे यकृत अखेरीस दगडासारखे कठीण आणि खडबडीत होते, ज्याला डॉक्टर सिरॉसिस म्हणतात, त्या यकृतात तो रुजतो. अशा शंभर रुग्णांपैकी साधारण दोघा-तिघांना दर वर्षी कर्करोग होतो. म्हणजे शत्रू कोणत्या दरवाजाने आत शिरणार हे ठाऊक आहे, तो दरवाजा कोणाच्या घरचा हेही ठाऊक आहे. प्रश्न उरतो तो त्या दारावर पहारा कोणी ठेवायचा एवढाच. आमच्या समाजाने आणि सरकारने तो प्रश्न आजवर एकमेकांकडे ढकलला आहे.

रोगाचा पसारा लहान नाही. २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे ८ लाख ६६ हजार लोकांना यकृताचा कर्करोग झाल्याचा अंदाज आहे आणि त्याच वर्षी या रोगाने दगावलेल्यांची संख्या सुमारे ७ लाख ५८ हजार होती. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असावेत यातच सारी कथा आली. रोग सापडणे आणि रोगी जाणे यांत फारसे अंतरच राहत नाही, कारण रोग सापडतो तोच मुळी शेवटच्या अंकात.

आमच्या भाषेने या अवयवाची मोठी गंमत करून ठेवली आहे. खाटकाच्या दुकानात कलेजी म्हणजे यकृत; पण कवितेत, ओवीत आणि आईच्या तोंडी काळीज म्हणजे हृदय. माया, धैर्य, दुःख हे सगळे आम्ही काळजाच्या नावावर जमा केले आणि खऱ्या काळजाच्या वाट्याला ठेवली ती फक्त दारूची बदनामी. यकृताचा आजार म्हटला की ऐकणारा लगेच ओठ दुमडतो. 'घेत असेल' असे मनात म्हणतो. ही बदनामीच रुग्णाचा पहिला वैरी आहे. पिणारा लाजेने इस्पितळात जात नाही आणि न पिणाऱ्याला वाटते, आपला या रोगाशी संबंध काय?

दारूचा भाग आम्ही कमी लेखत नाही. काजूच्या हंगामात उर्राकाचे कौतुक करणाऱ्या प्रदेशात तसे करून चालणारही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा वर्षांवरील गोमंतकीय पुरुषांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांनी आपण मद्य घेतो असे सांगितले. देशाची सरासरी वीस टक्क्यांच्याही आत होती. आणि हे प्रमाण एखाद्या विशिष्ट समाजाच्या माथी मारून आपण हात झटकावे, अशी आमच्या वाचकांपैकी काहींची सवय असली, तरी ती त्यांनी सोडलेली बरी. देवघरात समई लावून मागील पडवीत बाटली उघडणारी घरे आम्हांला सर्वांनाच ठाऊक आहेत. परंतु मद्य हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. हिपॅटायटिस 'बी' आणि 'सी' हे विषाणू एका थेंबाही दारूवाचून यकृत पोखरतात. 'बी' तर कित्येकदा जन्माच्या वेळी आईकडून बाळाकडे येतो, तीस-चाळीस वर्षे शरीरात निमूट बसून राहतो आणि सिरॉसिसची पायरी न चढताच थेट कर्करोगापर्यंत पोचू शकतो. भारतात या विषाणूची लस बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात प्रथम २००२ मध्ये प्रायोगिक रूपाने आली आणि ती देशभर पोचेपर्यंत २०११ साल उजाडले. आज जे तिशी-चाळिशीत आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांना ती बालपणी मिळालेली नाही. तैवानने १९८४ मध्येच नवजात बालकांना ही लस देण्यास आरंभ केला आणि पुढे तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग घटल्याचे सिद्ध झाले. लस कर्करोग टाळते याचा तो पहिला मोठा पुरावा होता. आम्हांला तो उशिरा कळला असे नव्हे. आम्ही तो उशिरा अमलात आणला.

या दोन कारणांत आता तिसऱ्याची भर पडली आहे, आणि ते घराघरांत शिरले आहे. चरबीने माखलेले यकृत! मधुमेह, सुटलेले पोट, बैठी नोकरी, गोड चहा आणि तळलेले खाणे यांतून ते येते. ज्या बाईने आयुष्यात दारूचा वास घेतला नाही, जी सोमवार-चतुर्थीचे उपास न चुकता करते, तिचेही यकृत याच वाटेने सिरॉसिसपर्यंत जाऊ शकते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला, तो योग्यच होता. पण कार्यक्रमात समावेश होणे आणि सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावरच्या बाईच्या पोटावर कोणी तपासणीचे यंत्र ठेवणे यांत फार मोठा रस्ता आहे.

तपासणी तरी काय आहे? सिरॉसिसच्या प्रत्येक रुग्णाची आणि हिपॅटायटिस 'बी'च्या जोखमीच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करावी, सोबत रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन नावाच्या द्रव्याची मोजणी करावी, असे जगातील यकृततज्ज्ञांचे आज मत आहे. सहा महिने हा आकडा हवेतून आलेला नाही. ही गाठ दुप्पट होण्यास सर्वसाधारणपणे चार-सहा महिने घेते. तेव्हा सहा महिन्यांपूर्वी जे दिसले नाही ते आज दिसले, तर ते बहुधा अजून लहान असते. आणि लहान असण्यावर सारे अवलंबून आहे. एक सेंटिमीटरहून लहान ठिपका दिसला तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहतात. त्याहून मोठा असला तर सीटी किंवा एमआरआय करून रक्तपुरवठ्याच्या खुणेवरून निदान पक्के करतात. पुष्कळदा सुई टोचून तुकडा काढण्याचीही गरज पडत नाही. गाठ दोन-तीन सेंटिमीटरांची असेल तर ती शस्त्रक्रियेने काढता येते, सुई घालून उष्णतेने जाळता येते. एकच गाठ पाच सेंटिमीटरांपर्यंत, किंवा तीन गाठी प्रत्येकी तीन सेंटिमीटरांपर्यंत असतील तर यकृताच्या प्रत्यारोपणाचाही विचार होतो. मिलान शहरातील शल्यवैद्यांनी १९९६ मध्ये ही मर्यादा घालून दिली आणि अशा रुग्णांपैकी चौघांतले तिघे चार वर्षांनंतरही हयात असल्याचे दाखविले. ज्या रोगाचे नाव ऐकताच नातेवाईक पुढच्या तयारीला लागतात, त्या रोगाची ही गोष्ट आहे.

आमच्यावर एकांगीपणाचा आरोप येऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या तपासणीच्या बाजूने जो सर्वांत मोठा पुरावा दिला जातो तो शांघायचा. तेथे हिपॅटायटिसची लागण असलेल्या १८ हजार ८१६ लोकांचे दोन गट पाडून एका गटाची दर सहा महिन्यांनी तपासणी केली गेली. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बोलावलेल्यांपैकी साठ टक्केही लोक नियमाने आले नाहीत, तरी त्या गटातील यकृत-कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे टीका झाली. सिरॉसिसच्या रुग्णांवर असा मोठा प्रयोग झालेला नाही, याकडे बोट दाखविणारे डॉक्टरही आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. सोनोग्राफी ही काही दिव्यदृष्टी नव्हे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात सिरॉसिसच्या रुग्णांतील प्रारंभिक गाठींपैकी एकट्या सोनोग्राफीने निम्म्याहून कमी, सुमारे ४५ टक्केच, पकडल्या असे दिसले. रक्ताची मोजणी जोडली की हा आकडा ६३ वर जातो. शंभरांतल्या सदतीस गाठी तरीही निसटतात. उलट कधी निरुपद्रवी ठिपका दिसून एखाद्या कुटुंबाची झोप महिनाभर उडते. म्हणून सरसकट सगळ्या गावाच्या पोटांवर यंत्र फिरविण्याची शिबिरे, ज्यांत मंत्र्यांचे छायाचित्र मोठे आणि तपासणी छोटी असते, त्यांना आमचा पाठिंबा नाही. ज्याला जोखीम आहे त्यालाच तपासा. पण त्याला दर सहा महिन्यांनी तपासा, वर्षानुवर्षे तपासा. एकदाच केलेली तपासणी म्हणजे पहारेकऱ्याने एका रात्री जागून उरलेले वर्ष झोपून काढण्यासारखे आहे.

आता अडचण येते ती येथे. काणकोणच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला वर्षातून दोनदा, काही दुखत खुपत नसताना, उपाशीपोटी, साठ-सत्तर किलोमीटरांचा प्रवास करून बांबोळीस जाण्यास सांगणे हे कागदावर सोपे आहे. त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. सोबत येणाऱ्याचाही बुडतो. रांगेत नंबर लागला नाही तर पुन्हा या. दुखणे असते तर माणूस आला असता; न दुखणाऱ्या यकृतासाठी तो का येईल? येथेच दूरवैद्यकाचा, ज्याला सर्वत्र टेलिमेडिसिन म्हणतात त्याचा, विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

दूरवैद्यक आपल्या देशाला नवे नाही. आंध्र प्रदेशातील आरगोंडा या खेड्यातील इस्पितळ २००० साली उपग्रहाच्या साहाय्याने चेन्नईशी जोडले गेले. २००१ पासून इस्रोने त्या कामात लक्ष घातले. २०२० च्या मार्चमध्ये, महामारीच्या पहिल्याच टाळेबंदीत, केंद्राने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले आणि 'ई-संजीवनी'वरून घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय झाली. आमच्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र अमेरिकेतील न्यू मेक्सिको या वाळवंटी राज्यातले आहे. तेथे भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्यापुढे हिपॅटायटिस 'सी'चे रुग्ण आठ-आठ महिने ताटकळत असत आणि त्यांतले काही चारशे किलोमीटरांवरून येत. २००३ मध्ये त्यांनी उलट वाट धरली. रुग्णाला स्वतःकडे आणण्याऐवजी गावोगावच्या साध्या डॉक्टरांना दर आठवड्याला पडद्यावर एकत्र आणून, एकेका रुग्णाची चर्चा करीत, त्यांनाच या उपचारात तयार केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठातील तज्ज्ञांचे यश आणि गावांतील व तुरुंगांतील डॉक्टरांचे यश सारखेच, शंभरांत सुमारे अठ्ठावन्न, असे निघाले. खेड्यातला डॉक्टर बुद्धीने कमी नसतो, एकटा असतो. आमच्याकडे आरोग्य केंद्रांत काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा, तो हेच सांगेल.

परंतु संभाषण दूरवर नेणे आणि सोनोग्राफी दूरवर नेणे यांत फरक आहे. हृदयाचा आलेख काढताना कातडीवर तारा चिकटविल्या की यंत्र आपले काम करते; म्हणूनच गोव्यात २०१८-१९ च्या सुमारास सुरू झालेल्या योजनेत आरोग्य केंद्रात काढलेला आलेख काही क्षणांत तज्ज्ञापुढे जातो आणि हृदयविकाराच्या झटक्यावर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जवळच्या केंद्रातच देता येते. ती योजना आम्हांला अभिमानास्पद वाटते. सोनोग्राफीत मात्र यंत्राइतकाच हात महत्त्वाचा. यकृताचा माथा छातीच्या पडद्याखाली, बरगड्यांच्या आड दडलेला असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, खोल श्वास घेऊन धरावयास लावून, बरगडीखालून तिरपा कोन साधला तरच तो भाग दिसतो. डावा भाग जठरातील वायूने झाकला जातो. लठ्ठ पोटातून ध्वनिलहरी जाता जाता क्षीण होतात. ज्या हाताने हे सर्व केले नाही, त्याने पाठविलेले एक सुबक स्थिर चित्र पाहून गोमेकॉतला तज्ज्ञ काय सांगणार? न पाहिलेल्या भागात गाठ नाही असे तो म्हणू शकत नाही. म्हणून गावाकडून स्थिर चित्रे न पाठविता, यकृताच्या प्रत्येक भागावरून ठरलेल्या क्रमाने यंत्र फिरवून घेतलेली चलच्चित्रे पाठवावयास हवीत. आणि तज्ज्ञाने अहवालात गाठ आहे की नाही याबरोबरच यकृत किती दिसले, हेही लिहिले पाहिजे. जगातील तज्ज्ञ आता तसे लिहू लागले आहेत. ज्याचे यकृत नीट दिसत नाही त्याला मात्र बांबोळीस बोलवा. मग तो प्रवास सार्थकी लागेल. रक्ताचा प्रश्न तर त्याहून सोपा. ती नळी बर्फाच्या डब्यात ठेवून पाठविता येते, माणूस आपल्या घरी राहतो.

तर मग गावातला तो हात कोणाचा? हा प्रश्न विचारला की आरोग्य खात्यात कायद्याचे पुस्तक उघडले जाते. ब्रिटन-अमेरिकेत सोनोग्राफीचे काम डॉक्टर नसलेले, पण खास शिकलेले तंत्रज्ञ सर्रास करतात. आमच्याकडे ते शक्य नाही, आणि त्याला लाजिरवाणे कारण आहे. ज्या यंत्राने पोटातील गाठ दिसते त्याच यंत्राने पोटातील मुलगी दिसते. आम्ही त्या यंत्राचा उपयोग मुली मारण्यासाठी केला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विरुद्ध देशातील पहिला कायदा केला, १९९४ मध्ये संसदेने केला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. यंत्राची नोंदणी, जागेची नोंदणी, डॉक्टरची पात्रता, प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीची लेखी नोंद असे सारे बंधन त्यातून आले. हातात धरून कोठेही नेता येणाऱ्या यंत्रांवर २०१२ च्या नियमांनी आणखी लगाम घातला. हा लगाम सैल करा असे आम्ही म्हणणार नाही. यकृताच्या नावाखाली उद्या एखादे फिरते यंत्र भलत्याच कामाला लागले, तर त्याचे पाप असे म्हणणाऱ्याच्या माथी येईल.

पण कायद्याचे पुस्तक उघडलेच आहे तर ते पूर्ण वाचावे. त्याच २०१२ च्या नियमांत, इतर वैद्यकीय सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात असे यंत्र वापरण्यास मुभा ठेवली आहे. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला सहा महिन्यांचे ठरावीक प्रशिक्षण घेऊन सोनोग्राफी करण्याची वाट २०१४ च्या नियमांनी मोकळी ठेवली आहे. तालुक्याच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात नोंदणीकृत यंत्र ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही. म्हणजे वाळपईला, काणकोणला, सांग्याला प्रत्येकी एक तरुण डॉक्टर या कामासाठी शिकवून तयार करावयाचा आणि त्याच्या हाताला गोमेकॉतील डोळ्याची जोड द्यावयाची, याला कोणता कायदा आडवा येतो? कायद्याची सबब सांगणाऱ्यांनी ते कलम आम्हांला दाखवावे.

एक गोष्ट तर कायद्याच्या कठोर अंमलबजावणीनेच आम्हांला शिकविली आहे. २००९-१० च्या सुमारास कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असलेले श्री. लक्ष्मीकांत देशमुख, ज्यांनी पुढे २०१८ मध्ये बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, त्यांनी जिल्ह्यातील सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे उपकरण बसविले. यंत्रावर उमटणारी चित्रे ते निमूटपणे नोंदवून ठेवी. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली; २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात गोवाही येतो, ती मागणी फेटाळली. सोनोग्राफीचे प्रत्येक चित्र नोंदविता येते, जतन करता येते, दुसरीकडे बसलेल्या माणसाला तपासता येते, हे तेथे पोलिसी कामासाठी सिद्ध झाले. जे डॉक्टरवर पहारा ठेवण्यासाठी जमले ते रोगावर पहारा ठेवण्यासाठी जमणार नाही, हे आम्हांला पटत नाही. उलट, दूरवैद्यकासाठी चित्रांची अखंड नोंद होऊ लागली तर कायद्याचा हेतूही आपोआप राखला जाईल.

यंत्र, हात आणि डोळा यांचा विचार झाला. चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत दुर्लक्षित आहे. ती म्हणजे नोंदवही. ज्यांची तपासणी करावयाची त्यांची नावे कोठे आहेत? गोमेकॉतून सिरॉसिसचे निदान होऊन घरी गेलेला रुग्ण सहा महिन्यांनी आला नाही, तर त्याची आठवण कोणाला होते? श्रीमंत देशांतही हेच रडगाणे आहे. अमेरिकेत सिरॉसिसच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्साच ही तपासणी करून घेतो. डल्लस शहरातील एका सार्वजनिक इस्पितळाने १८०० रुग्णांवर एक साधा प्रयोग केला, त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. नेहमीच्या पद्धतीने सोडून दिलेल्यांपैकी २४ टक्क्यांची तपासणी झाली. ज्यांना घरी पत्र पाठवून तपासणीस बोलाविले, त्यांतल्या सुमारे ४५ टक्क्यांची झाली. यंत्र तेच होते, डॉक्टर तेच होते, वाढले होते ते एक पत्र. आमच्या आरोग्यसेविका घरोघरी बाळांच्या लसीची तारीख सांगत फिरतात. त्यांच्या वहीत आणखी एक रकाना आखणे हे काही अंतराळयान सोडण्याइतके अवघड नाही. हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ च्या जुलैपासून ज्यांची रक्ततपासणी आणि मोफत औषधोपचार होत आला, त्यांची नावे तरी सरकारदरबारी असलीच पाहिजेत. हिपॅटायटिस 'सी' औषधाने बरा होतो हे खरे. पण सिरॉसिस झाल्यावर बरा झालेल्यालाही कर्करोगाची जोखीम उरतेच, आणि नेमका तोच माणूस 'मी बरा झालो' म्हणून पुन्हा तोंड दाखवीत नाही.

ही वही पत्रादेवीला आणि पोळ्याला संपता कामा नये, असेही आम्हांला सुचवावयाचे आहे. सावंतवाडी-दोडामार्गचा आणि कारवारचा रुग्ण बांबोळीस येतो. राज्यांच्या सीमा त्याच्या यकृताला ठाऊक नाहीत. २०१८ च्या आरंभी परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेण्यावरून जो वाद पेटला होता तो आम्ही विसरलेलो नाही, आणि गोव्याच्या करदात्याने सगळ्यांचा भार का वाहावा हा प्रश्नही अगदीच अनाठायी नव्हता. परंतु येथे दूरवैद्यकामुळे भार वाढण्याऐवजी कमी होण्याचा संभव आहे. दोडामार्गचे पोट दोडामार्गलाच तपासले जावे, हाताचा खर्च महाराष्ट्राने सोसावा, बांबोळीने डोळा द्यावा आणि त्या डोळ्याचा मोबदला दोन सरकारांनी आपसांत ठरवावा. टिळारीचे पाणी वाटून घेणाऱ्या दोन राज्यांना एवढे जमू नये काय?

शेवटी, सापडलेल्या गाठीचे पुढे काय, हे ठरविल्याशिवाय ती शोधावयास निघणे हा क्रूरपणा होईल. तपासणीत संशय आलेल्या रुग्णाची सीटी किती दिवसांत होईल, गाठ जाळण्याची सोय कोठे, प्रत्यारोपणाची वेळ आली तर त्याला कोठे पाठवावयाचे आणि खर्चाचा किती वाटा सरकारी विमा योजना उचलेल, ही उत्तरे पहिल्या तपासणीच्या आधी छापून आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागली पाहिजेत. नपेक्षा लोक म्हणतील, रोग दाखविला आणि वाऱ्यावर सोडले. आणि मग पुढच्या फेरीला कोणी येणार नाही.

आरंभ मोठा नको. सत्तरी आणि काणकोण हे दोनच तालुके घ्यावेत. तेथील ज्ञात रुग्णांची यादी गोमेकॉच्या दप्तरातून काढावी, दोन डॉक्टर शिकवून घ्यावेत, प्रत्येकाला नावानिशी पत्र जावे. पहिली फेरी वैशाखात, पावसाने ओढे अडण्यापूर्वी. दुसरी कार्तिकात, दिवाळी आटोपून माणसे कामाला लागण्याच्या आत. दोहोंत बरोबर सहा महिने पडतात.